पिठाची बाहुली, सोन्याची मोहर

एखाद्याने दोन वर्षांत स्लॅबचं घर बांधलं, दारात ट्रॅक्टर उभा केला, पोरीचं लग्न थाटात लावलं, की देवणी-उदगीरच्या पट्ट्यात पारावर एक तर्क ठरलेला असतो: हंडा लागला असणार. त्याने काढलेलं बँकेचं कर्ज, हैदराबादेत कामाला असलेला भाऊ, सोयाबीनला एखाद्या साली मिळालेला बरा भाव, यांतलं काहीही कुणाला पुरेसं वाटत नाही. जमिनीखाली धन आहे आणि ते कुणा ना कुणाला लागतं, ही समजूत इथे फार खोल मुरलेली आहे. त्यामुळे खजिन्याच्या शोधाचा सिनेमा घरातल्या टीव्हीवर लागला की आमच्याकडे तो नुसती करमणूक म्हणून पाहिला जात नाही. डोळ्यांपुढे पडद्यावरची गुहा असते आणि मनात गावची गढी.

हा संग्रह त्या बघण्याविषयी आहे. लातूर जिल्ह्याच्या देवणी तालुक्यातल्या काही तरुण मित्रमैत्रिणींनी खजिन्याच्या सिनेमांवर हे लेख लिहिले आहेत. सिनेमा कसा आहे, एवढंच त्यांनी विचारलेलं नाही. तो आपल्या घरात कसा पाहिला गेला, आजीने मध्येच काय विचारलं, वडील कुठे उठून गेले, हेही त्यांनी टिपलं आहे. बहुतेकांचं लेखन फिरून फिरून एका चित्रपटापाशी येतं, ‘तुंबाड’पाशी. या प्रस्तावनेत मीही तिथेच जास्त थांबणार आहे.

आधी टीव्हीबद्दल. खजिन्याची गोष्ट आमच्या घरांत आली ती मुख्यतः छोट्या पडद्यावरून. देवकीनंदन खत्री यांची १८८८ची ‘चंद्रकांता’ ही हिंदी कादंबरी १९९४मध्ये दूरदर्शनवर मालिका होऊन आली. ऐयार, तिलिस्म, कुलुपांमागची कुलुपं हे सगळं ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता त्यांनीही शेजारच्यांच्या ओसरीवर बसून पाहिलं. पुढे केबल आल्यावर परदेशी साहसपट हिंदीतून बोलू लागले. त्यांतले काही मुळातच टीव्हीसाठी काढलेले होते. अमेरिकेतल्या टीएनटी वाहिनीने डिसेंबर २००४मध्ये दाखवलेला ‘द लायब्रेरियन: क्वेस्ट फॉर द स्पिअर’ हा त्याचा नमुना. त्याचा नायक बावीस पदव्या घेतलेला, आईच्या घरी राहणारा पुस्तकी तरुण आहे. एका ग्रंथालयात त्याला नोकरी मिळते, आणि त्या ग्रंथालयाच्या तळघरात जगभरच्या दंतकथांतल्या वस्तू सांभाळून ठेवलेल्या असतात. चोरीला गेलेला पवित्र भाला परत आणणं हे त्याचं पहिलं काम.

अशा चित्रपटाला मोठ्या पडद्याचा खर्च परवडत नाही. जाहिरातींसाठी दर काही मिनिटांनी गोष्ट तोडावी लागते, आणि प्रत्येक तुटीपाशी नवा पेच उभा करावा लागतो. त्याची कसर भरून काढावी लागते ती पात्रांच्या आपुलकीने. प्रेक्षकांना तो ग्रंथपाल आवडला. नोआ वाइली या नटालाच घेऊन २००६ आणि २००८मध्ये पुढचे दोन भाग आले, आणि २०१४पासून त्याच विश्वावर चार हंगामांची मालिका चालली. मला त्यातली एक गोष्ट मोलाची वाटते. तिथे खजिना कुणाच्या घरी जात नाही. तो ग्रंथालयात जाऊन बसतो, सगळ्यांच्या वतीने राखला जातो. या मुद्द्याकडे पुढे येईन.

‘तुंबाड’ टीव्हीसाठी बनलेला नाही. तो थिएटरासाठीच बनला, आणि अतिशय चिवटपणे बनला. दिग्दर्शक राही अनिल बर्वे हे ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ लिहिणाऱ्या अनिल बर्वे यांचे चिरंजीव. शाळकरी वयात एका मित्राकडून त्यांनी नारायण धारपांची एक भयकथा ऐकली, आणि पुढची वीसेक वर्षं ती गोष्ट त्यांना सोडून गेली नाही. निर्माते आले आणि गेले. चित्रीकरण झालं, पसंत पडलं नाही, पुन्हा झालं. पाऊस खरा हवा होता, म्हणून काही पावसाळे त्यात गेले. चित्रपटाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीची आठवण देणारं, गाव कोकणातलं, माणसं मराठी आणि भाषा हिंदी. धारपांची ती कथा, ‘आजी’, स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’ या कथेवर बेतलेली मानली जाते, आणि त्या ‘ग्रॅमा’वर अमेरिकेत १९८६मध्ये ‘ट्वायलाइट झोन’ या टीव्ही मालिकेचा एक भाग निघाला होता. म्हणजे एकाच बीजाचं तिकडे अर्ध्या तासाच्या आतलं टीव्हीनाट्य झालं आणि इकडे तीन पिढ्यांचा चित्रपट.

गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. समृद्धीच्या देवीपाशी सोनंही आहे आणि धान्यही. तिचा थोरला लेक हस्तर सगळं सोनं बळकावतो आणि धान्याला हात घालतो, तेव्हा बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडतात. आई त्याला पोटात घेऊन वाचवते, पण या अटीवर की त्याची कधी पूजा होणार नाही. हस्तर देवीच्या उदरात राहतो. कमरेच्या वस्त्रात सोन्याच्या मोहरा आहेत, आणि पोट कायमचं उपाशी. १९१८मध्ये तुंबाडच्या वाड्यात खजिन्याची गोष्ट ऐकलेला विनायक हा पोरगा मोठा होऊन १९३३मध्ये परत येतो, मोहरा मिळवण्याची युक्ती शिकतो, आणि १९४७मध्ये तीच युक्ती आपल्या मुलाला, पांडुरंगला, शिकवतो. युक्ती अशी: पिठाची बाहुली घेऊन खाली उतरायचं. भुकेला हस्तर बाहुलीवर झडप घालतो, तेवढ्यात त्याच्या कमरेच्या मोहरा ओढून घ्यायच्या आणि दोर धरून वर यायचं.

खजिना पिठाने मिळतो. मुंबई-पुण्याच्या समीक्षकांनी या चित्रपटाच्या अंधाराबद्दल, पावसाबद्दल, छायाचित्रणाबद्दल पुष्कळ लिहिलं आणि ते योग्यच होतं. पण या संग्रहातल्या लेखांत पुन्हा पुन्हा येतं ते पीठ. आमच्या भागातल्या माणसाची नजर तिथे जाणं स्वाभाविक आहे. मराठवाड्यात जमिनीखाली पिढ्यान्पिढ्या पुरलं जात होतं ते मुख्यतः धान्य. ज्वारीचं पेव जमिनीत असायचं, माळवदाच्या घरात बळद असायचं. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची, हे घरातला जाणता माणूस पोरांना दटावून सांगायचा. घाई केलेली माणसं पेवात गुदमरून गेली आहेत. ‘तुंबाड’मध्ये विनायक दोराने त्या तांबड्या गर्भात उतरतो, तेव्हा इथल्या म्हाताऱ्यांना गुहा आठवत नाही, पेव आठवतं. एका लेखिकेने तिच्या आजीची प्रतिक्रिया लिहिली आहे: खाली एवढं सोनं घेऊन बसलाय आणि त्याला एक भाकर मिळेना. १९७२च्या दुष्काळात सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढलेल्या पिढीला हस्तर कोण हे समजावून सांगावं लागलं नाही. दागिने मोडून ज्वारी आणलेली घरं या जिल्ह्यात पुष्कळ आहेत.

मला हा चित्रपट मोठा वाटतो तो या ठिकाणी. खजिन्याच्या बहुतेक सिनेमांत राखणदार म्हणजे नुसता अडथळा असतो. नाग असो, शाप असो, फिरती भिंत असो, तो ओलांडला की काम झालं. इथे राखणदार भुकेला आहे, आणि लुटणारा त्याच्या भुकेचाच गळ करतो. विनायक शूर नाही, विद्वानही नाही. भूक कुठे आहे हे त्याला कळलं आहे, एवढंच त्याचं कसब. सावकारी ज्या प्रदेशाने जवळून पाहिली आहे, त्याला हे कसब ओळखू येतं.

दुसरं म्हणजे बाप-लेक. विनायक पांडुरंगला दोर बांधायला शिकवतो, खाली उतरण्याचा सराव करून घेतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर धंदा पुढच्या पिढीकडे देणाऱ्या बापाचं समाधान असतं. मुलगा बापाहून हुशार निघतो: एका वेळी एकच बाहुली का, अनेक नेऊ. त्यातूनच सर्वनाश ओढवतो. शेवटी अंगाला ते सोनं गुंडाळलेला बाप मुलापुढे वस्त्र धरतो आणि मुलगा ते घेत नाही. थिएटरात हे दृश्य अनोळखी माणसांच्या अंधारात दिसतं. घरच्या खोलीत मात्र बाप आणि लेक एकाच पलंगावर बसलेले असतात. सिनेमा संपल्यावर वडील काहीच बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी शेतात गेल्यावर वाटणीचा विषय त्यांनी स्वतःहून काढला, असं एकाने लिहिलं आहे. संग्रहातला मला सर्वांत आवडलेला तो लेख आहे.

आता स्वागताबद्दल. २०१८मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाची सुरुवात ‘तुंबाड’ने झाली, आणि १२ ऑक्टोबर २०१८ला तो भारतात लागला. समीक्षकांनी उचलून धरला. छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनियोजना या तिन्हींसाठी त्याला फिल्मफेअर मिळालं. गल्ला मात्र बेताचाच राहिला. सोहम शाह हा नायक, निर्मात्यांपैकीही एक, पण मोठा तारा नव्हे. भयपट म्हणावा तर भुताची धडकी नाही, साहसपट म्हणावा तर विजय नाही. तालुक्याच्या गावातल्या माणसाने एवढ्यासाठी लातूर गाठावं, असं त्या वेळच्या जाहिरातींत काही नव्हतं. आमच्या ओळखीतल्या बहुतेकांनी तो पहिल्यांदा पाहिला तो घरी, ओटीटीवर, कुणी टीव्हीवर, कुणी मोबाइलवर.

खरं तर हा सिनेमा मोबाइलवर पाहू नये. पंकज कुमार यांच्या कॅमेऱ्याने पकडलेला तो करडा उजेड आणि भिजलेल्या भिंती वीतभर पडद्यावर चिखलासारख्या दिसतात. तरीही तो तिथेच रुजला, कारण घरी तो थांबवता येतो. देवीची गोष्ट सुरुवातीला भरभर सांगितली आहे. ती लोकांनी मागे नेऊन पुन्हा ऐकली. हस्तरपासून वाचायला पिठाचंच रिंगण का, वाड्यातली म्हातारी आजी अजून जिवंत कशी, हे प्रश्न चहाच्या टपरीवर गेले, उत्तरं घेऊन परत आले, आणि सिनेमा पुन्हा पाहिला गेला. एका बसणीत हे होत नाही. काही वर्षं लोक एकमेकांना नुसतं विचारत होते: ‘तुंबाड’ पाहिलास का?

मग १३ सप्टेंबर २०२४ला तो पुन्हा थिएटरांत आला, आणि पहिल्या वेळच्या दुपटीहून जास्त कमाई करून गेला. नवा शेवट जोडलेला नव्हता, वगळलेली दृश्यं घातलेली नव्हती. चित्रपट तोच होता, बदलला होता प्रेक्षक. घरी पाहिलेला सिनेमा मोठ्या पडद्यावर बघायचाच, म्हणून मुलं मोटारसायकली काढून गेली. प्रेक्षकाला कळत नाही, त्याला हलकंफुलकं लागतं, असं व्यवसायातली माणसं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. सहा वर्षांच्या या प्रवासाने ते खोटं पाडलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रेक्षकाला वेळ लागतो, आणि तो वेळ शुक्रवार ते रविवारच्या हिशेबात बसत नाही.

चित्रपटाच्या उणिवाही आहेत. बायकांना त्यात फार कमी जागा आहे. ज्योती माळशे यांची आई आणि अनिता दाते यांची पत्नी या दोघी सगळं पाहतात, सोसतात, पण गोष्ट त्यांच्या बाजूने कधी वळत नाही. माणसं हिंदी बोलतात तेव्हा कोकण काहीसं दूर जातं. मराठीत हा सिनेमा आणखी बोचला असता. आणि एक आक्षेप याहून गंभीर आहे. तो या संग्रहातल्या शेवटच्या दोन लेखांत आला आहे, आणि मी त्याच्या बाजूने आहे: या चित्रपटात खजिना खरोखर असतो.

आमच्याकडे या गोष्टीला जिवाची किंमत आहे. हा सीमेवरचा मुलूख, पलीकडे बीदर. हैदराबाद संस्थानात हा भाग १७ सप्टेंबर १९४८पर्यंत होता. रझाकारांच्या धामधुमीत आणि नंतरच्या पोलीस कारवाईच्या काळात माणसं गावं सोडून पळाली. जाताना किडूकमिडूक चुलीखाली, परसात पुरून गेली, असं घराघरांत सांगतात. काहींनी परतून ते काढलं, काहींना परतता आलं नाही. गुप्तधन म्हणून आज जे शोधलं जातं, ते भ्यालेल्या शेजाऱ्याचं मंगळसूत्र असू शकतं, हे कोणताही साहसपट सांगत नाही. त्यावर भानामतीची जुनी दहशत, पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं ही समजूत, अमावास्येची पूजा आणि पैसे उकळणारा मांत्रिक. गढ्यांच्या बुरुजांत रात्रीतून खड्डे पडतात. फसवणुकीपासून नरबळीपर्यंतचे प्रकार महाराष्ट्रात घडले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटले, तो २० ऑगस्ट २०१३ला त्यांचा खून झाल्यानंतर आला. त्या कायद्याच्या अनुसूचीत मौल्यवान वस्तू, गुप्तधन आणि जलस्रोत यांच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा एकत्र उल्लेख आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. गुप्तधनाशेजारी पाणी का, असं बाहेरचा वाचक विचारील. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून प्यायलेल्या लातूर जिल्ह्याला तो प्रश्न पडत नाही. बोअर घेण्याआधी नारळ हातावर उभा धरून चालणारा पाणाड्या आम्ही सगळ्यांनी पाहिला आहे.

मग असा सिनेमा दाखवावा का? दाखवावा. ‘तुंबाड’ खजिना दाखवतो, पण त्याबरोबर त्याने खाल्लेलं घरही दाखवतो, आणि इतकं रोखून दाखवतो की माझ्या पाहण्यातला एकही माणूस तो पाहून कुदळ घ्यायला उठलेला नाही. मात्र मुलांना तो दाखवताना शेजारी कुणी तरी मोठं माणूस असावं आणि नंतर बोलावं. या लेखकांनी तेच केलं आहे.

आणि आपल्या भागातल्या खऱ्या शोधाची गोष्टही त्यांना सांगावी. धाराशिव जिल्ह्यातलं तेर हे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचं नाव येतं, कारण इथला माल भडोचच्या बंदरातून रोमन जगाकडे जात होता. तेरच्या पांढरीतून पावसाळ्यानंतर मणी, नाणी, मातीच्या मूर्ती वर येत. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या वेचल्या, जपल्या, आणि आज त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय तेरला उभं आहे. तिथे सापडलेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेखालून १९३८मध्ये निघालेल्या मूर्तीच्या नात्यातली मानली जाते. मंत्र नाही, बळी नाही. वाकून माती बघायची नजर आणि सापडलेलं विकायचं नाही एवढा निर्धार. अमेरिकन टीव्हीवरच्या त्या ग्रंथपालाचं कल्पित काम तेरच्या या माणसाने प्रत्यक्षात केलं. त्यांच्यावर कुणी तरी मराठीत एक चांगली टेलिफिल्म काढायला हवी. छोटा पडदा त्या गोष्टीला अगदी पुरेसा आहे.

हे लेख एका हाताचे नाहीत. काही विस्कळीत आहेत, दोन-तीन जणांनी सिनेमाची गोष्टच जास्त सांगितली आहे, एकाने हस्तरची तुलना कर्जाशी करताना ताणली आहे. संपादकांनी त्यांना फार घासूनपुसून घेतलं नाही, हे मला बरं वाटलं. बोलणं जसं झालं तसं ते आलं आहे, मध्ये कानडी वळणाचे शब्द आहेत, हैदराबादी उर्दूचे आहेत. देवणीचं नाव आजवर बाहेर गेलं ते इथल्या गाई-बैलांमुळे. आता ते प्रेक्षकांमुळेही जावं.

वाचकांना एकच विनंती. पाया खणताना, नांगरताना, जुनी भिंत पाडताना तुम्हाला काही सापडलं, तर ते धुऊ नका, वितळवू नका, कुणा मांत्रिकाला दाखवू नका. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त मोलाची पुरलेली वस्तू सापडली की ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. मूळ मालक मिळाला नाही आणि दुसरा काही करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा असतो. सरकारला ती वस्तू ठेवून घ्यायची असेल, तर सोन्या-चांदीच्या मोलावर एक पंचमांश जास्त द्यावा लागतो. लपवली तर वाटा जातो आणि तुरुंगवास होऊ शकतो. तेव्हा सापडलं की आधी तहसील कार्यालयात जा.